चार गुंठ्यांना रेरा लागत नाही, असं सांगून माझे 6 लाख घेतले

रक्कम आधी सांगते. टोकन 51,000 यूपीआयने, 3,49,000 आरटीजीएसने आणि ‘डेव्हलपमेंट चार्जेस’ म्हणून 2,00,000 रोख. एकूण 6 लाख. गुंठ्याला 1,85,000 प्रमाणे चार गुंठ्यांचे 7,40,000 ठरले होते. उरलेले 1,40,000 खरेदीखताच्या दिवशी द्यायचे होते, आणि तो दिवस उगवणारच नव्हता हे प्लॉट विकणाऱ्या एजंटला पहिल्यापासून माहीत होतं.

योजना तुमच्या ओळखीचीच आहे. डांबरी रस्त्यालगत कमान, आखलेले रस्ते, सिमेंटचे खांब, ‘एनए प्लॉट’चा, म्हणजे बिगरशेती प्लॉटचा बोर्ड आणि अठरा महिन्यांनी दीडपट भावाने परत घेण्याचं लेटरहेडवरचं पत्र.

पहिल्यांदा पैसे गुंतवणारे जे विचारतात ते सगळं मी विचारलं होतं. भाव किती वाढेल, नवा रस्ता कुठून जाणार, फ्लॅट बरा की प्लॉट, अडीनडीला लगेच विकला जाईल का. एजंटकडे प्रत्येक उत्तर तयार होतं. पुढे काय होईल याबद्दल कुणीही काहीही बोलू शकतं, त्याला कोण पकडणार? सातबाऱ्यावर आज कुणाचं नाव आहे, हे मात्र कागद पाहून लगेच कळतं. परताव्याचं गणित मांडण्याआधी गट नंबर मागा. तो द्यायला दोन दिवस लावले, तर तिथूनच माघारी फिरा.

आता ज्या क्षणाने माझी अजून झोप उडते तो सांगते. मी विचारलं होतं, ‘रेरा नंबर कुठे आहे?’ (रेरा म्हणजे प्रकल्पाची नोंदणी सक्तीची करणारा स्थावर मालमत्ता कायदा.) हो, विचारलं होतं. सगळे मला म्हणतात की चौकशी न करता पैसे दिलेस. त्यांनी हे नीट वाचावं. एजंट शांतपणे म्हणाला, ‘ताई, पाचशे चौरस मीटरच्या आतल्या प्लॉटला रेरा लागत नाही. कायदाच आहे, कुणालाही विचारा.’ मी तिथेच मोबाईलवर हिशोब केला. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, चार गुंठे 4,356, म्हणजे साधारण 405 चौरस मीटर. पाचशेच्या आत! आकडा बरोबर, कायद्यातली मर्यादाही खरी. फक्त ती मर्यादा ज्या जमिनीवर प्रकल्प होणार त्या सगळ्या जमिनीची आहे, तुमच्या एका तुकड्याची नव्हे. समोर तीन एकरांचं प्लॉटिंग होतं, बारा हजार चौरस मीटरहून जास्त. ते माझ्या डोळ्यांसमोर पसरलेलं होतं आणि मी मोबाईलच्या पडद्याकडे बघत होते. खरी गोष्ट अर्धीच सांगून केलेली फसवणूक साध्या माणसाने कशी ओळखायची? बँकेतल्या दोन सहकाऱ्यांनाही मी तेच सांगितलं, त्यांनाही ते पटलं.

फसवणुकीची दुसरी खूण नोटरीकडे दिसली. दुय्यम निबंधकाकडे का नाही, असं विचारल्यावर ‘एनए ऑर्डर आली की थेट खरेदीखतच करू, तुमची स्टॅम्प ड्युटी एकदाच लागेल’ असं उत्तर मिळालं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, झालं. नोटरीच्या शिक्क्याने जमीन तुमची होत नाही. रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. माझ्या व्यवहारात ती मर्यादा 74,000 होती. त्याने 6 लाख घेतले.

सातबारा त्याने व्हॉट्सॲपवर पाठवला होता, पण खालचा भाग कापलेला. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून स्वतः काढा, दुसऱ्याने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. मी काढला तेव्हा त्यावर सात जणांची सामाईक नावं होती, वाटप झालेलं नव्हतं, इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. विकणाऱ्याकडे त्यांपैकी एकाचंच कुलमुखत्यारपत्र. एनएचा पत्ता नाही, निव्वळ शेतजमीन. मी शेतकरी नाही, म्हणजे कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती मला घेताच येत नाही. शिवाय चार गुंठ्यांचा तुकडा तुकडेबंदीत, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्यात, अडकणारा. आणि मोजणीच्या नकाशाशी ताडून पाहिलं तर खांब रोवलेली जागा वेगळ्याच गटात! दाखवला एक गट, लिहून दिला दुसरा.

पोलीस ठाण्यात मला आधी विचारलं, ‘मिस्टर कुठे आहेत?’ मग म्हणाले, ‘बाई, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ खोटा गट दाखवून पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणूक लिहिलेली आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 सालीच सांगितलं. मी तो निकाल छापून नेला. साहेबांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि ‘अर्ज चौकशीवर आहे’ म्हणाले. चौकशी म्हणजे त्या माणसाला फोन, त्याचं ‘पैसे देतो’, आणि मला ‘तो देतोय ना, मग घाई कशाला?’ रोख दोन लाखांचं नाव काढताच मलाच दम दिला, की इन्कम टॅक्सवाले तुम्हाला धरतील. जमिनीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर दंड घेणाऱ्याला होतो, हे मला वकिलांकडून कळलं. तलाठ्यांकडे गेले, तर ‘आमच्या दप्तरी तिथे प्लॉट नाहीत, शेत आहे.’ अहो, मग ती कमान, ते खांब, तो बोर्ड तुमच्या रोजच्या वाटेवर उभा आहे, तो दिसत नाही? तहसीलला पाठवलं, तहसीलने पोलिसांकडे परत पाठवलं. नवीन खातेदाराची नोंद घालताना हीच माणसं एकेका अक्षरावर बोट ठेवतात, आणि तीन एकरांवरचं बेकायदा प्लॉटिंग कुणाच्याच अखत्यारीत येत नाही!

आता पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने अर्ज गेला आहे. गुन्हा नोंदवला नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम 175(3) खाली जाणार आहे. तुम्हीही अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. चॅट पुसू नका. तडजोडीला बोलावलं तर मूळ पावत्या नेऊ नका, झेरॉक्स दाखवा. घेण्याआधी वकिलाकडून त्या जमिनीच्या मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च रिपोर्ट घ्या, आणि वकील विकणाऱ्याने सुचवलेला नको.

ज्यांना तो ‘पाचशे चौरस मीटरच्या आत’ म्हणाला असेल, त्यांनी आपापल्या साठेखताची प्रत आणि बायबॅकचं (प्लॉट परत घेण्याचं) पत्र घेऊन स्वतंत्र तक्रार द्यावी. बायबॅकची पत्रं बऱ्याच जणांकडे निघाली तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा एमपीआयडी कायदा लागू करण्याची मागणी करता येईल, असं वकील म्हणतात. त्यात मालमत्ता जप्त करता येते. त्याने नवा बोर्ड लावल्याचं कळलंय. तिथे टोकन दिलेल्यांनी पुढचा हप्ता आजच थांबवावा.