माघ बिहूच्या नावाखाली ५२,३०० रुपये गेले. आसामला जाणाऱ्यांनी वाचा

पाच वेळा पैसे पाठवले. १९,०००, मग ६,०००, मग ४,८००, मग पुन्हा १९,००० आणि शेवटी गुवाहाटी स्टेशनवर उभं राहून ३,५००. एकूण ५२,३००. हे आकडे मी दोन महिन्यांत इतक्या अर्जांवर लिहिलेत की आता झोपेतून उठवलं तरी सांगेन. रेल्वेची तिकिटं आणि तिथे गेल्यावर झालेला खर्च यात नाही.

असली फसवणूक कशी होते हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. घरात सगळ्यांना ‘ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका’ असं बजावणारी मीच. तेवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवते. म्हणून जास्त लागलंय. बरोबर यजमान, माझे मोठे दीर आणि जाऊबाई होत्या आणि सगळं ठरवणारी मी होते. त्यांचे २६,१५० मी परत केले. दीर नको म्हणत होते, पण मला त्यांच्या घरचा चहा घशाखाली उतरेना.

संक्रांतीला आपण तीळगूळ वाटतो त्याच दिवसांत तिकडे भोगाली म्हणजे माघ बिहू असतो. भात कापून घरात आलेला, कोठारं भरलेली, म्हणून खाण्यापिण्याचा सण. आदल्या रात्री उरुका: शेतात बांबू आणि पेंढ्याचं भेलाघर, म्हणजे तात्पुरती झोपडी, बांधतात, सगळं गाव एकत्र जेवतं, आणि पहाटे अंघोळ करून मेजी, म्हणजे रचून ठेवलेली मोठी शेकोटी, पेटवतात. हे पाहायचं असं माझ्या मनात कितीतरी वर्षांपासून होतं. मोठ्या कंपन्यांच्या सहली काझीरंगा, कामाख्या करून परत आणतात, त्यात गाव नसतं, आणि दर आम्हा चौघांना झेपणारे नव्हते. एका जाहिरातीत बिहूला गावात राहायची सोय दिसली, तिथल्या क्रमांकावर फोन केला. त्या माणसाने गावात राहण्याचे माणशी ९,५०० सांगितले, सहा रात्रींचे. चार हजार सांगितले असते तर मी तिथेच फोन ठेवला असता. त्याने आकडा असा काढला होता की स्वस्त वाटावा आणि खोटा वाटू नये.

बोलायला अतिशय गोड. हिंदी सफाईदार, मधूनमधून आसामी शब्द. मला ‘बाइदेउ’ म्हणायचा. त्याचा अर्थ ताई, हेही त्यानेच सांगितलं. तीळ पिठा, म्हणजे तीळ भरलेला तांदळाचा पदार्थ, कसा करतात, बोरा साउल म्हणजे चिकट तांदूळ बांबूत भरून सुंगा पिठा कसा भाजतात, हे त्याने मला फोनवर पंधरा मिनिटं समजावलं. ती माहिती खरी होती. माणूस खोटा आणि माहिती खरी, अशी गाठ मला तोवर पडली नव्हती. निम्मे पैसे, १९,०००, मी २० नोव्हेंबरला पाठवले.

आता ९ डिसेंबर. या दिवसाचं काय करू ते मला अजून कळत नाही. त्याचा निरोप आला की माजुली बेटावर जायला परमिट लागतं, माणशी १,५००, आधार कार्डाचे फोटो पाठवा. मी पाठवले. सहा हजारही पाठवले. चौघांची आधार कार्डं आज त्या माणसाकडे आहेत, हे लिहितानाही हात थांबतो.

आसामला जायला कुठलंही परमिट लागत नाही. माजुलीला नाही, जोरहाटला नाही, कुठेच नाही. इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायची परवानगी, लागतं ते अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरला. हे मी मुलांना शिकवलेलं आहे. पण आमच्या शाळेतले एक सर आदल्या वर्षी अरुणाचलातल्या तवांगला जाऊन आले होते, त्यांना परमिट काढावं लागलं होतं, आणि माझ्या डोक्यात ‘ईशान्य म्हणजे परमिट’ एवढंच पक्कं बसलं. पैशांसाठी त्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर नावसुद्धा वेगळं आलं. विचारलं तर म्हणाला, “मामाचं खातं आहे, बाइदेउ, माझ्या खात्याची मर्यादा संपली.” मी ‘बरं’ म्हटलं. एका मिनिटाचं काम होतं. नकाशा उघडायचा, एक फोन करायचा. मी केलं नाही, कारण त्या दिवशी सहामाहीचे गुणपत्रक भरायचे होते आणि मला ते प्रकरण एकदाचं संपवायचं होतं.

त्याने पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेत उरुकाच्या दिवसासाठी लिहिलं होतं: सकाळी जोनबील मेळा, दुपारी माजुली. जोनबील जागीरोडजवळ आहे, मोरीगाव जिल्ह्यात, गुवाहाटीपासून दीडदोन तासांवर. माजुलीला जायचं तर जोरहाटच्या निमाती घाटावरून फेरी, आणि गुवाहाटी ते जोरहाट तीनशे किलोमीटर. शिवाय जोनबीलचा मेळा, जिथे तिवा लोक डोंगरातली हळद, आलं आणून पिठा आणि तांदळाच्या बदल्यात देतात, तो उरुकाच्या दिवशी भरत नाही, बिहू झाल्यावर त्या आठवड्याच्या शेवटी भरतो. मी तो कागद छापून घेतला आणि कपाटावर चिकटवला. रोज वाचत होते.

२७ डिसेंबरला ‘बिहूत फेरीला गर्दी असते, खासगी बोट राखून ठेवतो’ म्हणून ४,८००. ८ जानेवारीला उरलेले १९,०००. लोकमान्य टिळक टर्मिनसहून निघून ११ जानेवारीला सकाळी गुवाहाटीला उतरलो. पलटन बाजारच्या बाजूला गाडी यायची होती. थंडी, धुकं. त्याचा निरोप: ड्रायव्हर निघालाय, डिझेलसाठी ३,५०० टाका नाहीतर मालक गाडी सोडत नाही. दीर म्हणाले, “अगं थांब जरा, गाडी समोर येऊ दे.” मी त्यांचंही ऐकलं नाही. इतके दिले तर एवढ्यासाठी कशाला अडकायचं, असं वाटलं. दोन पायांत बॅग धरून मी पिन टाकला. त्यानंतर तो फोन लागला नाही.

तीन तास उभे होतो. जाऊबाई एक शब्द बोलल्या नाहीत, तेच सहन होत नव्हतं.

तिथल्या एका पोलीस ठाण्यात गेलो. उत्तर मिळालं, पैसे महाराष्ट्रातून पाठवलेत, तक्रार तिकडे करा. पुढे घरी परतल्यावर आमच्या ठाण्यात गेले, तर म्हणाले, गाडी आली नाही ती गुवाहाटीत, गुन्हा तिकडचा. म्हणजे आम्ही नेमकं कुठे फसलो? हवेत? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या १७३ व्या कलमात स्वच्छ लिहिलंय की हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यायची. मी ते कलम छापून नेलं तेव्हा समोरचे साहेब म्हणाले, “मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका.” चार खेपा घातल्या. एकदा साहेब बंदोबस्तावर, एकदा संगणकाचा माणूस रजेवर, एकदा ‘अर्ज मराठीत आहे, यूटीआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा क्रमांक, वेगळ्या कागदावर तक्त्यात द्या’. पाचव्या खेपेला नोंद झाली, तीही शाळेतले एक पालक ओळखीचे निघाले म्हणून. ज्याची ओळख नाही त्याने काय करायचं?

बँकेत तर थेट मलाच विचारलं, पिन कोणी टाकला? मी. मग व्यवहार तुमच्या संमतीचा, आम्ही काही करू शकत नाही. मी म्हटलं, ज्या खात्यात गेले ते खातं कोणाचं, एवढं तरी सांगा. ते गोपनीय. माझ्या चौघांची आधार कार्डं उघड्यावर, आणि त्याचं नाव गोपनीय. पर्यटनाच्या एका सरकारी खिडकीवर सांगितलं की तो नोंदणीकृत नाही, म्हणून आमचा संबंध नाही. नोंदणीकृत असता तर मी कशाला रडत आले असते?

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर पहिल्या तासात फोन करायचा असतो. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. मला क्रमांक ऐकून माहीत होता, पण त्या सकाळी सुचला नाही आणि ठाण्यातल्या एकानेही सुचवला नाही. मी केला तो तिसऱ्या दिवशी. त्यातले ३,५०० त्या खात्यात अडकलेत असं कळलं, बाकीचे निघून गेलेले. अडकलेले परत मिळायला न्यायालयाचा आदेश हवा, असं मला सांगितलं. त्याची वाट पाहतेय.

त्या दिवशी गुवाहाटीतच यजमान म्हणाले, आता आलोच आहोत तर माजुली पाहून जाऊ. रात्रीच्या बसने जोरहाट, निमाती घाट, तिथून कमलाबाडीची फेरी. राखून ठेवलेली खासगी बोट वगैरे काही नाही. तिकिटाच्या खिडकीवर माणशी शंभराच्या आत तिकीट मिळालं. त्याने दिलेल्या पत्त्यावरचं घर खरोखर होतं. तिथल्या मिसिंग जमातीच्या लोकांचं बांबूच्या खांबांवरचं चांग घर. पण त्या घरच्यांना आमचं नावही माहीत नव्हतं. फोटो त्यांच्याच पानावरून उचललेले. आमच्याआधी त्याच नावाखाली आणखी दोन कुटुंबं येऊन गेली होती. त्यांनी आम्हाला शेजारच्या घरात खोली मिळवून दिली, रात्रीचे १,२००, जेवणासकट. थेट फोन केला असता तर हेच मिळालं असतं.

मी त्यांना तो जाहिरातीचा फोटो दाखवला, मुगा रेशमाची मेखला नेसलेल्या नाचणाऱ्या मुलींचा. घरच्या मावशींनी मुलींच्या केसांवर बोट ठेवलं. “कपौ फूल.” जांभळट गुलाबी, लोंबत्या गुच्छाचं ऑर्किड. ते वसंतात फुलतं, बोहाग बिहूत, एप्रिलमध्ये. ढोल, पेंपा हे शिंगाचं वाद्य, हुसोरी म्हणजे घरोघरी जाऊन गाणं, मुलींचा तो नाच, सगळं तेव्हाचं. माघात खाणं आणि शेकोटी. ऑक्टोबरचा काती बिहू तर अगदी साधा, शेतात आणि तुळशीपाशी दिवे लावायचे. तीन बिहू, तीन ऋतू. त्याने मला जानेवारीत एप्रिल विकला आणि मी घेतला.

उरुकाच्या रात्री त्यांनी आम्हाला भेलाघरात जेवायला बसवलं. मासे, बदकाचा रस्सा, आम्हा शाकाहारी बायकांसाठी वेगळी डाळ. पैसे घेतले नाहीत. पहाटे मेजीत पिठा आणि सुपारी टाकतात, जाऊबाईंनी घरून आणलेले तिळाचे लाडू टाकले. तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या: “छान झालं हे.” मी बाजूला जाऊन रडले.

जाणार असाल तर घरवाल्याशी व्हिडिओ कॉल करा, अंगण दाखवायला सांगा. ‘मामाचं खातं’ ऐकलं की संपलं. आधार कार्ड द्यायचंच असेल तर शेवटचे चार आकडे दिसतील असं मास्क केलेलं द्या. पैसे गेले तर आधी १९३०, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन, ठाणं त्यानंतर. आणि बरोबरचं कोणी ‘थांब जरा’ म्हणालं तर थांबा.

परवा भाचीने एक जाहिरात पाठवली. एप्रिलचा बोहाग बिहू, गावात राहून, माणशी १०,५००. क्रमांक वेगळा, फोटो तोच, त्याच मुली, केसांत तेच कपौ फूल. आता ते ऋतूप्रमाणे बरोबर आहे, त्यावरून कोणाला संशय येणार नाही. परमिटचे पैसे मागतोय का तेवढं बघा.