दिवाळी ते आखाजी: तीनशे चिप्सचा पोकर सेट आणि आमचा ओमाहा हाय-लो

दिवाळीच्या तोंडावर हा सेट मागवला. तीनशे चिप्स, प्लॅस्टिकच्या पत्त्यांचे दोन कॅट आणि ॲल्युमिनियमची पेटी. आता आखाजीही (अक्षय्य तृतीया) होऊन गेली. मधल्या सहा-सात महिन्यांत अमळनेरच्या आमच्या घरी जवळजवळ दर शनिवारी रात्री पेटी उघडली, आणि खेळ एकच: पोकरचा ओमाहा हाय-लो हा प्रकार. पैसा लावायचा नाही, हा आईचा दंडक. सगळ्यांना सारख्या चिप्स वाटायच्या आणि उठताना पेटीत परत ठेवायच्या.

खेळ समजल्याशिवाय सेटचं बरंवाईट कळणार नाही, म्हणून आधी तो सांगतो. प्रत्येकाला चार पानं मिळतात. मध्ये सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात: आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. पानं वाटल्यावर आणि अशा प्रत्येक उघडणीनंतर बोली, म्हणजे चिप्स मध्ये लावायच्या. शेवटी पॉटचे, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्सचे, दोन भाग होतात. अर्धा सर्वांत मोठ्या हाताला (हात म्हणजे पाच पानांची जुळणी), अर्धा सर्वांत लहान हाताला. लहान हात म्हणजे अठ्ठी किंवा त्याखालची, पाचही वेगवेगळी पानं. एक्का इथे सर्वांत लहान धरतात, मोठ्या हातात तोच सर्वांत मोठाही होतो. सिक्वेन्स किंवा कलर झाला तरी लहान हात बिघडत नाही, म्हणून एक्का ते पंजी हा सर्वांत उत्तम लहान हात, आणि तोच मोठ्या बाजूला सिक्वेन्स म्हणूनही चालतो. मध्ये अठ्ठी किंवा त्याखालची तीन वेगवेगळी पानं आलीच नाहीत, तर लहान हात कुणाचाच होत नाही आणि पूर्ण पॉट मोठ्याकडे जातो.

सगळ्यांत अवघड नियम वाटतो सोपा: हातातली नेमकी दोन आणि मधली नेमकी तीन. एक नाही, तीनही नाहीत. आमच्याकडे आखाजीला पत्ते आणि तीन पत्ती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. पहिल्याच रात्री आमच्यात खेळणाऱ्या जिभाऊंनी शेवटी पानं टाकली आणि जोरात म्हणाले, "तीन एक्का शेतस भो!" तीन पत्तीत याच्यावर काही नाही. मी म्हटलं, "जिभाऊ, यातले दोनच चालतील." तिसरा एक्का नुसता फुकट जात नाही, तो त्यांच्याच हातात अडकल्यामुळे मध्ये एक्का येण्याची शक्यताही कमी होते. हे त्यांना पटायला महिना गेला. आता नव्या पाहुण्याला तेच समजावतात.

दुसरा धडा एक्का-दुर्रीचा. हातात ही जोडी आणि मध्ये अठ्ठी, सत्ती, पंजी पडली, की याहून चांगला लहान हात कुणाचा असूच शकत नाही. मग शेवटचं पान दुर्री येतं. आपली दुर्री तिथल्या तिथे निकामी होते आणि एक्का-तिर्रीवाला पुढे निघून जातो. म्हणून मी एक्का-दुर्रीसोबत तिर्री असेल तरच निर्धास्त खेळतो.

आता चिप्स. वजन साडेअकरा ग्रॅम, हाताला छान लागतात, रंग उडालेला नाही. पण पाचाच्या चिप्स फक्त शंभर आहेत आणि या खेळाला त्या पुरत नाहीत. जिथे डाव "अर्धं तुन्हं, अर्धं मन्हं" करत संपतो, तिथे सुटे हवेतच. आमचा एक डाव अजून लक्षात आहे. तिघांनी प्रत्येकी 45 घातले, डाव मध्येच सोडलेल्याचे 10, पॉट 145. म्हणजे पाचाच्या 29 चिप्स. सारखे भाग होत नाहीत. उरलेली चिप मोठ्या हाताकडे जाते, म्हणून त्याला 75, लहानाला 70. पण लहान हात दोघांचा सारखाच निघाला. प्रत्येकी 35. माझे 45 गेले होते. सर्वांत चांगला लहान हात माझ्याकडे होता आणि तरी दहा कमी झाले. तेव्हापासून नुसत्या एक्का-दुर्रीवर, मोठ्या बाजूला काहीच नसताना, मी बोली वाढवत नाही. त्या रात्री पाचाच्या चिप्स तीनदा संपल्या. आम्ही शेवटी पन्नासाच्या पिवळ्या चिप्सना पाचाची किंमत दिली, तेव्हा कुठे निभावलं.

पत्त्यांबद्दल मात्र मी मनापासून समाधानी आहे. रुंदी 57 मिलिमीटर, म्हणजे ब्रिजच्या आकाराचे. नेहमीच्या 63च्या पोकर पत्त्यांपेक्षा चार पानं एका हातात सहज पसरतात. कोपऱ्यातले आकडे मोठे असल्यामुळे जिभाऊंना चष्मा लागत नाही. एप्रिलच्या उकाड्यात कागदी कॅट घामाने दोन दिवसांत मऊ पडायचा. हे पुसले की झालं. आखाजीला आमरस सांडला, तोही ओल्या फडक्याने निघाला. सुरुवातीचे दोन आठवडे मात्र फार निसटतात, पिसताना हातातून सुटतात. टाइल्सवर पान उचलताही येत नाही, खाली सतरंजी किंवा गोधडी हवी. आणि उन्हात गाडीत ठेवू नका: शिरपूरला लग्नाला नेलेला एक कॅट दुपारभर गाडीत राहिला आणि वाकला. जाड वह्यांखाली आठवडाभर दाबूनही पूर्ण सरळ झालेला नाही.

पेटीची एक कडी जानेवारीतच तुटली. विकणाऱ्याला दोनदा कळवलं, उत्तर आलं नाही. सध्या दोरीने बांधतो.

होल्डेम (पोकरचाच दुसरा प्रकार) किंवा तीन पत्ती खेळणाऱ्यांनी हा सेट बिनधास्त घ्यावा. हाय-लो खेळणार असाल तर घेण्याआधी पाचाच्या चिप्स मोजून घ्या. सहा जणांना किमान दीडशे लागतात. मी आता सुट्या पन्नास कुठे मिळतात ते शोधतोय, पुढच्या शनिवारी सात जण येणार आहेत.