प्रोस्टेटच्या ऑपरेशनसाठीचं 'पेल्विक फ्लोअर पॅकेज': पैसे नेमके कशाचे द्यावेत?

कॅन्सरमुळे प्रोस्टेट पूर्ण काढली की मूत्राशयाच्या तोंडाशी आपोआप मिटणारा स्नायू बराचसा जातो. लघवी धरून ठेवायचा भार मग ओटीपोटाच्या तळाच्या (पेल्विक फ्लोअरच्या), आपल्या ताब्यातल्या स्नायूवर येतो. त्याला तयार करायला फिजिओथेरपिस्ट शिकवणी, बायोफीडबॅक (स्नायू किती आवळला ते यंत्रावर दाखवणं) आणि विजेची उत्तेजना असं पॅकेज देतात. आमच्या मते खरं मोल शिकवणीचं, तेही ऑपरेशनच्या तीन-चार आठवडे आधी झाली तर. नंतर सूज आणि दुखण्यात नेमका स्नायू सापडणं कठीण जातं.

चांगला थेरपिस्ट 'गुदद्वार आवळा' एवढ्यावर सोडत नाही. 'शिश्न आत ओढून घ्या' म्हणतो. त्याने मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू जास्त आवळला जातो. आरशात बघा: शिश्नाचं मूळ आत जातं, वृषण किंचित वर येतात. श्वास अडकला, पोट फुगलं, नितंब ताठले, तर चुकतंय.

दहा वेळा आवळणं, सुरुवातीला 3 ते 5 सेकंद, हळूहळू 10 पर्यंत. मध्ये तेवढीच विश्रांती. शेवटी दहा झटपट. दिवसातून तीनदा पुरे. दिवसभर आवळत बसलं तर स्नायू थकतो आणि संध्याकाळी गळती उलट वाढते. ऑपरेशनवेळी घातलेली लघवीची नळी (कॅथेटर) असेपर्यंत व्यायाम बंद. ती निघाल्यावर खोकण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी आवळायची सवय लावायची; हे न शिकवणाऱ्याचे गुण आम्ही कापतो.

बायोफीडबॅक घ्यावं ते स्नायू सापडतच नसेल तर. त्यासाठी गुदद्वारात घालायची कांडी (प्रोब) ऑपरेशननंतर सर्जनला विचारल्याशिवाय नको. विजेची उत्तेजना सरसकट घेण्याची गरज नाही.

'शंभर टक्के कोरडे' अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत (लॅन्सेट, 2011) ऑपरेशननंतर गळती असलेल्यांना थेरपिस्टने एकेकट्याला शिकवलं. तरी वर्षाअखेर त्यांच्यात 76 टक्के आणि नेहमीच्या काळजीतल्यांत 77 टक्के जणांना थोडीफार गळती होतीच.

म्हणून प्रगती मोजून घ्या. 24 तासांतले पॅड पिशवीत बांधून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, तितक्याच कोऱ्या पॅडांचं आणि पिशवीचं वजन वजा करा. 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली. आकडा घटवायला पाणी कमी पिऊ नका. सहा महिन्यांनीही तो हलत नसेल, तर थेरपिस्टने आणखी सत्रं न विकता मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी (स्लिंग) किंवा तो मिटून ठेवणारी कृत्रिम झडप (स्फिंक्टर) बसवण्याबद्दल बोलायला यूरोलॉजिस्टकडे पाठवावं.