झोरो बघायचाय, पण कुठला?

‘द मार्क ऑफ झोरो’ शोधायला गेलं की एकाच नावाचे दोन जुने चित्रपट पुढ्यात येतात. एक डग्लस फेअरबँक्सचा १९२० चा मूकपट, दुसरा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा १९४० चा बोलपट, टायरोन पॉवरचा. दोन्ही कृष्णधवल. दोन्हींचं मूळ म्हणजे जॉन्स्टन मॅककली यांची १९१९ मध्ये क्रमशः छापून आलेली कादंबरी. गोष्टही तीच: जुना स्पॅनिश कॅलिफोर्निया, रयतेला नागवणारे सत्ताधारी, आणि जमीनदाराचा मिळमिळीत मुलगा डिएगो, जो तोंडावर काळं फडकं बांधलं की झोरो होतो. स्पॅनिशमध्ये झोरो म्हणजे कोल्हा.

निवड करताना एवढंच बघा, की १९२० चा चित्रपट झोरोचा आहे आणि १९४० चा डिएगोचा.

फेअरबँक्सचा डिएगो जांभया देत हातरुमालाच्या जादू दाखवत बसतो. गंमत आहे, पण लवकर संपते. पूर्वार्ध रेंगाळतो हे आधीच सांगून ठेवतो. खरी मजा शेवटच्या पाठलागात. भिंती, छपरं, खिडक्या, काही म्हणजे काही अडत नाही त्या माणसाला, आणि मागे धापा टाकणारे शिपाई. घरात लहान मुलं असतील तर त्यांना तेवढाच भाग दाखवा. या चित्रपटाचे हक्क संपलेत, त्यामुळे तो इंटरनेटवर फुकट मिळतो. मात्र मूकपटाला संगीत कुठलं जोडलंय हे प्रतीप्रतीवर अवलंबून असतं. दोन-तीन प्रती उघडून, कान देऊन मगच बसा.

१९४० च्या चित्रपटात मुखवटा तसा कमीच दिसतो. तलवारी आणि घोडदौडच हवी असेल, तर मधली मेजवानी आणि नाच लांबल्यासारखं वाटेल. मला मात्र तेच आवडतं. दिग्दर्शक रूबेन मामुलियनने पॉवरकडून नटवेपणा असा काही करून घेतलाय की खलनायकासारखेच आपणही हसतो. हा खलनायक म्हणजे बॅसिल रॅथबोन, आपल्याला शेरलॉक होम्स म्हणून ठाऊक असलेला. तो तलवारीच्या एका फटक्यात मेणबत्तीचा शेंडा उडवतो. पॉवर वार करतो, तर मेणबत्ती जशीच्या तशी उभी. रॅथबोन खदखदून हसतो, आणि मग पॉवर शांतपणे वरचा तुकडा उचलून दाखवतो. पाठोपाठ होणारं द्वंद्व तलवारपटांमधल्या सर्वोत्तमांत मोडतं. रॅथबोन खरोखरच कसलेला तलवारबाज होता, ते मनगटात दिसतं. आल्फ्रेड न्यूमनच्या संगीताला ऑस्करचं नामांकन होतं.

१९३८ चा एरॉल फ्लिनचा रॉबिन हूड पाहिला असेल तर ओळखीचे चेहरे भेटतील. तिथेही रॅथबोन खलनायक होता आणि तिथेही यूजीन पॅलेटच गुबगुबीत पाद्री!

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर १९४० चा घ्या. त्याची नंतर रंग चढवलेली प्रतही निघाली आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. छायाचित्रकार आर्थर मिलरने अंधार-उजेडाचा जो खेळ मांडलाय, तो त्या रंगांखाली पार गुदमरतो.