हळदीच्या कॅप्सूल घेतल्या, अनुभव सांगतो

बेळगावात खडेबाजारातल्या एका दुकानातनं हळदीच्या कॅप्सूल घेतल्या, 60 ची बाटली, आमच्या काकूची किमो चालू आहे म्हणून. दुकानदार म्हणतोय कॅन्सर मुळातनं जातो, लॅबमध्ये सिद्ध झालंय. आता लॅबमध्ये म्हणजे काय, तर बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, घातलं की पेशी मरतात, ते खरंच आहे की, पण पोटातनं गेलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं, म्हणून त्यात मिरीतलं पायपरिन घालतात, आणि हेच पायपरिन दुसऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाणसुद्धा वाढवू शकतं, हे बाटलीवर कुठंच नाही! डॉक्टरांना दाखवली तर किमो संपेपर्यंत बंद म्हणाले.

झाडपाल्यात दम नाही असं नाही हां. सदाफुलीतनंच व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध आलंय, आपल्या घाटातल्या नरक्या नावाच्या झाडात कॅम्पटोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य असतं, पण ते पण जसंच्या तसं द्यायला विषारीच, रेणूत बदल करून इरिनोटेकॅन, टोपोटेकॅन केली तेव्हा कुठं ती औषधं म्हणून वापरात आली. कुटून पुडीत बांधून नाही.

पॅकिंग मस्त, माणूस गोड बोलतो, बाटली परत मात्र घेतली नाही. 5 पैकी 1 स्टार, तो पण दारात गाडी लावायला जागा मिळाली म्हणून.