हॅलोविनचं थंडगार भुताटकी ड्रिंक: ब्लेंडर, शर्बेट पंच, ड्राय आइस की सरळ आपलं कोकम?

2026 चं हॅलोविन शनिवारी येतंय, 31 ऑक्टोबरला, आणि 8 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, म्हणजे अमेरिकेतल्या मराठी घरात त्या आठवड्यात ओट्यावर एकीकडे चकलीचा सोऱ्या आणि दुसरीकडे प्लास्टिकचे कोळी असा सगळा पसारा एकत्रच असणार. (2024 ला तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी होतं, सकाळी उटणं आणि संध्याकाळी तोंडाला भुताचा रंग.) त्यात पोरांची पार्टी तुमच्याकडे असेल तर बिनदारूचं, भीतीदायक दिसणारं आणि बर्फाळ असं ड्रिंक कुठल्या पद्धतीनं करायचं ते आधीच ठरवून टाका, कारण ज्या दिवशी दर दोन मिनिटांनी दाराची बेल वाजते त्या दिवशी किचनमध्ये उभं राहायला कुणालाच वेळ नसतो.

माझं मत आधीच सांगते: दहा-बारा पोरं असतील तर कोकमाचा ग्रनिटा (काट्यानं खरवडलेला सरबताचा बर्फ), त्याहून जास्त असतील तर शर्बेट पंच (शर्बेट म्हणजे आपलं सरबत नव्हे, फळांच्या चवीचं आइस्क्रीमसारखं गोठवलेलं), आणि ड्राय आइसचा धूर हवाच असेल तर तो ड्रिंकच्या बाहेर. आता का ते बघा.

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तो ब्लेंडर. फ्रोझन स्ट्रॉबेरी, थोडा क्रॅनबेरी ज्यूस, लिंबू, फिरवलं की झालं, आणि खरंच चव मस्त येते. पण इथे बरेच जण साधा बर्फ घालतात आणि तो वितळला की ड्रिंक पाणचट होतं, त्यापेक्षा ज्यूसच आदल्या दिवशी आइस ट्रेमध्ये गोठवायचा आणि तेच क्यूब फिरवायचे, रंगही गडद राहतो. ब्लेंडरची खरी अडचण चवीची नाहीच, वेळेची आहे. एका जारमध्ये आठ-दहा छोटे कप निघतात, ते दिले की पहिल्या पोराचा संपलेला असतो आणि पुन्हा घर्रर्र, शिवाय दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की वर फेस आणि खाली ज्यूस असं वेगळं होतं, म्हणजे आधी करून ठेवता येत नाही. चार-पाच पोरं असतील तर ब्लेंडरच करा, पुढचं वाचायचीही गरज नाही.

शर्बेट पंच म्हणजे बरोबर उलटं. मोठ्या बाऊलमध्ये हिरव्या लाइम शर्बेटचे गोळे टाकायचे, वरून गार अननसाचा ज्यूस आणि शेवटी जिंजर एल (आल्याच्या चवीचा गोड सोडा) किंवा लिंबाचा सोडा, पाच मिनिटांत तीस लोकांचं ड्रिंक तयार. शर्बेट अमेरिकेत कुठल्याही ग्रोसरीत मिळतं, स्वस्त असतं. सोडा थेट गोळ्यावर ओतला की बुडबुडे शर्बेटमधल्या दुधात अडकतात आणि जाड हिरवा फेस बाऊलच्या काठापर्यंत चढतो, चेटकिणीच्या कढईचा जो लुक सगळ्यांना हवा असतो तो फुकटात मिळतो. मग मी हेच पहिल्या नंबरला का नाही ठेवत? एक तर प्रचंड गोड, आणि पोरं आधीच बादलीभर कँडी घेऊन आलेली असतात. दुसरं, शर्बेटमध्ये थोडं का होईना दूध असतं, तेव्हा दुधाची अ‍ॅलर्जी असलेलं किंवा व्हीगन घरातलं एखादं पोर असेल तर त्याला वेगळं काहीतरी द्यावं लागतं (तसंच गोठवलेलं सॉर्बे मिळतं, त्यात दूध नसतं, पण फेसही तसा येत नाही). आणि तिसरं म्हणजे अर्ध्या तासात गोळे विरघळून खाली पातळ हिरवट दूध उरतं, ते मात्र वेगळ्याच अर्थानं भीतीदायक दिसतं.

आता कोकम. इंडियन ग्रोसरीत जाताना बाटलीवरचं लेबल नीट बघा, कारण आगळ आणि सरबताचा सिरप शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि दोन्ही सारखेच लाल. आगळ खारट, बिनसाखरेचं, ते सोलकढीसाठी. आपल्याला गोड सिरप हवाय, अमृत कोकम म्हणतात ते. साधारण एका कपाला चार कप पाणी, चवीला लिंबू, आणि पसरट ट्रेमध्ये ओतून फ्रीझरला. साखर जास्त झाली तर गोठायलाच तयार होत नाही, नुसती चिकट लापशी राहते, आणि कमी झाली तर लादी होते, म्हणून हे प्रमाण फार हलवू नका. पाऊण तासानं बघाल तर कडेनं बर्फ धरलेला असतो आणि मधे अजून पाणीच, तेव्हा काट्यानं कडा खरवडून मधे ढकलायच्या, परत ठेवायचं, परत खरवडायचं, असं तीन-चार तास. शेवटी ते काचेच्या लाल चुऱ्यासारखं दिसायला लागतं. ट्रेवर झाकण हवंच, नाहीतर फ्रीझरमधल्या सुरमईचा वास पहिला कोकमालाच लागतो.

ब्लेंडरच्या मानानं याचा मोठा फायदा म्हणजे सगळं आदल्या रात्री होऊन जातं, पार्टीच्या वेळी पुन्हा एकदा काटा फिरवला की बस. शर्बेटच्या मानानं आंबट आहे, कँडी खाऊन आलेल्या पोरांना तेच बरं वाटतं, आणि दूधही नाही. तोटा म्हणजे फ्रीझरमध्ये जागा लागते, फराळाच्या नारळाची पाकिटं आणि पिझ्झा यांच्यात सपाट ट्रे बसवणं हे वेगळंच काम. जिरेपूड आणि काळं मीठ मोठ्यांच्या कपात घाला, पोरांच्यात नको. अमेरिकन मित्र पितील का असं बरेच जण विचारतात, तर व्हॅम्पायरचं रक्त म्हणून द्या, कोकम-बिकम सांगत बसू नका.

लाल नको, काळंच हवं असेल तर एक गोष्ट कृपया करू नका, अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल (प्रक्रिया केलेल्या कोळशाची काळी पूड) घालू नका. दिसतं भारी, पण ते पोटात औषधं शोषून घेतं, कुणी रोजच्या गोळ्या घेत असेल तर त्या वाया जातात, आणि न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यानं 2018 मध्ये खाण्यापिण्यात वापरायला मनाईच केली. त्यापेक्षा फ्रोझन जांभळाचा पल्प घ्या, जवळजवळ काळा रंग येतो, थोडं तुरट लागतं म्हणून साखर आणि चिमूटभर मीठ जास्त, आणि प्यायल्यावर सगळ्यांच्या जिभा जांभळ्या होतात, त्याचे फोटो काढायला पोरं रांग लावतात. पांढरा सोफा असेल तर मात्र हे बेसमेंटमध्येच. निळं हवं तर गोकर्णाची सुकी फुलं गरम पाण्यात भिजवून, साखर घालून त्याचा बर्फ करायचा, वरून लिंबूसरबत ओतलं की डोळ्यादेखत जांभळं होतं. जादू जबरदस्त पण फुलांना स्वतःची चव जवळपास नाहीच, सगळी मदार सरबतावर.

धुराबद्दल मी जरा कडक आहे. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78.5 डिग्री सेल्सिअस, हातात धरला तर कातडी जळते आणि तुकडा पोटात गेला तर आतून जळतं. मार्च 2024 मध्ये गुरुग्रामच्या एका कॅफेत मुखवास म्हणून चुकून ड्राय आइस दिला गेला आणि लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्या, ते तर मोठे लोक होते. पोरांच्या कपात तुकडा टाकायचा प्रश्नच येत नाही. पण धूर खरंच छान दिसतो हे मान्य, तर दोन बाऊल घ्या, बाहेरच्या मोठ्या बाऊलमध्ये गरम पाणी आणि ड्राय आइस, आतल्या छोट्यात ड्रिंक. धूर पाच-दहा मिनिटंच टिकतो, पाणी गार झालं की थांबतो, त्यामुळे सगळी पोरं जमल्यावरच सुरू करा. ग्लोव्हज घाला, खिडकी उघडी ठेवा, आणतानाही गाडीची काच खाली, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात कधीच ठेवू नका, गॅस साठून डबा फुटतो. आणि ते टेबल सोडून हलायचं नाही. एवढी राखण करायला एक मोठा माणूस मोकळा नसेल तर धूर रद्द, त्या जागी शर्बेटचा फेस पुरेसा आहे.

घरगुती स्लशी मशीनही हल्ली बऱ्याच घरांत दिसतं. काम चोख करतं, ज्यूस ओता, तासाभरात स्लश आणि नंतर तासन्‌तास तसंच राहतं, फक्त डाएट सोडा चालत नाही, साखर लागतेच. पण तीनशे डॉलरच्या पुढेमागे किंमत, ओट्यावर मायक्रोवेव्हएवढी जागा, एका संध्याकाळसाठी विकत घेण्यात अर्थ नाही. शेजाऱ्यांकडे असेल तर हक्कानं मागा आणि त्यात कोकम ओता.

सजावटीत डोळे हवेत, डब्यातल्या लिचीत एक ब्लूबेरी खुपसली की डोळा तयार, लिची रात्रभर गोठवा म्हणजे बर्फाचंही काम होतं, पण अगदी लहान पोरांच्या कपात अख्खी नको, घशात अडकू शकते. गमी वर्म्स घेताना पाकीट उलटून वाचा, बहुतेकांत जिलेटिन असतं, म्हणजे डुकराचं किंवा गाईचं, आणि शाकाहारी घरातलं पोर आल्यावर हे कळलं तर पंचाईत होते. फळांपासून काढलेल्या पेक्टिनवालेही मिळतात. रक्ताचे ओघळ हवे असतील तर कप आधी फ्रीझरमध्ये गार करा आणि कडेनं दाट स्ट्रॉबेरी सिरप सोडा, गार काचेवर तो जागेवरच थांबतो. आणि कप छोटेच, न्यू जर्सीसारख्या ठिकाणी बाहेर तेव्हा स्वेटरची थंडी असते, कुणीही ग्लासभर बर्फ खात नाही.

शर्बेट पंच करणार असाल तर त्यात ग्लोव्हमध्ये गोठवलेला हात सोडता येतो. पावडर नसलेला, खाण्याच्या वापराचा ग्लोव्ह घ्या, धुऊन ज्यूस भरा, गाठ मारा, आडवा गोठवा. पंचमध्ये टाकायच्या आधी ग्लोव्ह कात्रीनं कापून काढायचा, ओढायला गेलात की बोटं तुटतात, अर्थात तुटकी बोटंही बाऊलमध्ये चालतातच.