क्रूझ कंट्रोल सांगून ॲक्सिलरेटर लॉक गळ्यात मारला

माझी गाडी 2013 ची स्विफ्ट डिझेल. 1,38,000 किलोमीटर झालेत, पण इंजिन अजून ठणठणीत आहे, म्हणून विकायचा विचार कधी केला नाही. मुलगी ठाण्याला असते, नातू लहान आहे, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी नाशिक-ठाणे होतंच. मधल्या काळात उजवा गुडघा कुरकुरायला लागला. ॲक्सिलरेटरवर तासभर पाय एकाच जागी राहिला की उतरताना गुडघा सरळच होत नाही. त्यात समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला. नवी गाडी घेतलेले शेजारी येऊन सांगायचे, इगतपुरीला वर चढलं की क्रूझ कंट्रोल, म्हणजे गाडीने आपोआप ठरलेला वेग राखायची सोय, लावायचं आणि पाय मोकळा सोडून बसायचं. आपल्याही गाडीला हे बसवता आलं तर किती बरं होईल, असं मला मनापासून वाटलं.

शोरूममध्ये विचारलं, तर या मॉडेलला आम्ही काही बसवून देत नाही म्हणाले. मग द्वारका भागातल्या एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. सीट कव्हर, टेप, कॅमेरा असं सगळं तिथे मिळतं, गर्दीही भरपूर असते. माणूस बोलायला गोड. म्हणाला, "काका, एवढंच ना? 9,500 मध्ये बसवून देतो. स्पीड लॉक होतो, ब्रेक मारला की सुटतो. अर्ध्या तासाचं काम." हे त्याचे शब्द जसेच्या तसे आहेत. बिल मागितलं तर म्हणाला, बिल घेतलं तर जीएसटी वर लागेल, कशाला खर्च वाढवता. दुकानाच्या कार्डामागे रक्कम लिहून दिली. पैसे यूपीआयने घेतले, तेही दुसऱ्याच कुणाच्या नावावर. तिथेच मी थांबायला हवं होतं.

पोरगा पेडलखाली डोकं घालून पंचवीस मिनिटांत बाहेर आला. डॅशबोर्डवर काडेपेटीएवढा डिस्प्ले चिकटवला. ट्रायल दाखवायला दुकानदार स्वतः शेजारी बसला, सपाट रस्त्यावर 50 ला बटण दाबलं, मी पाय काढला, गाडी पळत राहिली. दोन मिनिटांत त्यानेच बटण दाबून बंद केलं. ब्रेक मारून दाखवायला मी सांगितलं नाही आणि त्यानेही दाखवलं नाही. खोका आणि माहितीपत्रक मागितलं, तर "ते आमच्याकडे वॉरंटीसाठी लागतं" म्हणाला.

दोन दिवसांनी उड्डाणपुलावर लावून बघितलं. पुलावर चढताना 60 चे 48 झाले आणि उतरताना 70 च्या वर गेले. मला वाटलं, जुन्या गाडीत एवढं चालायचंच. वेग राखणं हेच तर क्रूझ कंट्रोलचं काम. चढ-उताराला तोच जर बदलत असेल तर ते क्रूझ कंट्रोल नाही, एवढं त्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी ठाण्याला निघालो. ही शेजारी बसलेली, मागे नातवासाठी चिवडा-लाडूंचे डबे. विल्होळी सोडलं, रस्ता मोकळा होता, 75 ला बटण दाबलं. गोंद्याच्या अलीकडे टोमॅटोचे क्रेट भरलेली एक पिकअप दुभाजकाच्या फटीतून सरळ आडवी आली. मी ब्रेक दाबला. गाडी हळू होत होती, पण पुढून कुणी दोरी लावून ओढावं तशी ओढतही होती. सवयीने क्लच दाबला, तर इंजिन किंचाळायला लागलं, सुई चार हजाराच्या पुढे. हीसुद्धा ओरडली. डिस्प्लेवरचं बटण दोनदा दाबलं, काही नाही. नंतर कळलं की ते तीन सेकंद दाबून धरावं लागतं. तेवढ्या गडबडीत तीन सेकंद कुणाकडे असतात? शेवटी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो. पिकअपच्या मागच्या फळकुटापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. इंजिन तसंच ओरडत होतं, किल्ली फिरवली तेव्हा गप्प झालं.

कुणावर अशी वेळ आलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरा, इंजिन ओरडलं तर ओरडू द्या. चालत्या गाडीत किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं.

तसेच परत फिरलो, बटणाला हातही न लावता. सोमवारी सातपूरच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने पेडलखाली बॅटरी धरली आणि मला वाकून बघायला लावलं. आमच्या गाडीत ॲक्सिलरेटरला केबल नसते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, पाय किती दाबला ते विजेच्या रूपात इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतात. दुकानदाराने बसवलेली पेटी पेडल आणि कॉम्प्युटर यांच्या मधे होती. बटण दाबलं की ती पेटी कॉम्प्युटरला सांगत राहते, पाय अजून तेवढाच दाबलेला आहे. गाडीचा वेग किती, याची वायरच त्या पेटीला नव्हती. म्हणजे वेग राखायचा प्रश्नच नाही, नुसतं पेडल धरून ठेवायचं. पाय काढून तिथे वीट ठेवावी तसं.

पण खरा धक्का पुढे होता. त्या पेटीतून एक पिवळी वायर बाहेर येत होती. चार बोटांवर कापलेली, टोकाला काळी टेप, आणि दिसू नये म्हणून वायरींच्या जाड जुडग्याच्या मागे केबल टायने बांधलेली. मेकॅनिकने पेटीवरचा मॉडेल नंबर टाकून मोबाईलवर माहितीपत्रक शोधलं. त्यात चित्रासकट लिहिलेलं होतं: पिवळी वायर ब्रेकलाइटच्या स्विचला जोडावी, जोडल्याशिवाय वापरू नये. ती जोडायला स्विचपर्यंत वायर ओढावी लागते, अजून वीस मिनिटं जातात. तेवढी वीस मिनिटं वाचवायला माझ्या गाडीत ती वायर कापून लपवली गेली. विसरलेली वायर अशी टेप लावून बांधलेली नसते. स्कॅनर लावला तर पी2138 हा कोडही साठलेला, म्हणजे पेडलच्या दोन सेन्सरांचं आपसात जुळत नाही. पेटी काढून मूळ कनेक्टर जोडला, कोड पुसला, तो परत आलेला नाही.

दुकानात गेलो तर आधी "गाडी जुनी आहे काका, सेन्सर गेला असेल". वायरीचा फोटो दाखवला तर "तुमच्या मेकॅनिकनेच कापली असेल". पैसे परत मागितले तर "बिल दाखवा". बिल न घेण्याचा सल्ला त्यानेच दिला होता.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद तयार करतोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. पक्कं बिल नाही, पण यूपीआयची नोंद, रक्कम लिहिलेलं कार्ड, वायरीचे फोटो आणि मेकॅनिकने लिहून दिलेला कागद माझ्याकडे आहे. काही काढायच्या आधी जागेवरचे फोटो घ्या, हे मेकॅनिकनेच सुचवलं, त्याचे फार उपकार आहेत.

जुन्या गाडीत खरं क्रूझ कंट्रोल बसतच नाही असं नाही. काही मॉडेलमध्ये वरच्या व्हेरिएंटला ते कंपनीकडूनच येतं, तेव्हा खालच्या व्हेरिएंटला तोच स्विच आणि वायरिंग बसवणारे जाणकार मिळतात. पण कुणीही बसवून देतो म्हटलं की आधी विचारा, वेगाचा सिग्नल कुठून घेणार? ब्रेकची आणि क्लचची वायर कुठे जोडणार? जोडताना समोर उभे राहा. मग ट्रायलला, मागेपुढे कुणी नसताना, कमी वेगात लावून ब्रेकला नुसता पाय टेकवा. तेवढ्यानेच सुटलं पाहिजे. नाही सुटलं तर तिथल्या तिथे काढायला लावा, आणि पैसे त्यानंतर. माहितीपत्रक देत नाही म्हणाला तर सरळ घरी या. आणि खरंखुरं असलं तरी इगतपुरीच्या पावसात, ओल्या रस्त्यावर ते लावू नका.

ती पेटी मी आयोगासाठी पिशवीत सील करून ठेवली आहे, पिवळ्या वायरीच्या तुकड्यासकट. पण फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहेत. नाशकात कुणी अशी काडेपेटीएवढी डिस्प्लेवाली वस्तू बसवायला निघाला असेल, किंवा बसवून घेतली असेल, तर आधी ते फोटो बघून जा. बसवलेली असेल तर आजच पेडलखाली बॅटरी मारा आणि पिवळी वायर कुठपर्यंत जाते ते बघा.